जंगलातलं भूछत्र ओळखायचं कसं? नाव सगळ्यात शेवटी

चार दिवस पाऊस पडून गेला की जंगलातल्या पालापाचोळ्यातून भूछत्रं डोकं वर काढतात. नवखा माणूस खाली वाकतो आणि पहिला प्रश्न हमखास विचारतो, "हे कोणतं?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, "खातात का हे?"

हे दोन्ही प्रश्न निदान घरी पोचेपर्यंत बाजूला ठेवा. जंगलात विचारायचे प्रश्न वेगळे असतात. हे कशावर उगवलंय? आजूबाजूला झाडं कोणती? टोपीखाली काय आहे? दांड्याचं बूड कसं आहे? याची उत्तरं वहीत उतरली, तर नावाची वाट सापडते. आधी नाव ठरवलं, तर मग डोळ्यांना तेवढंच दिसतं जे त्या नावाला जुळतं. नवख्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात आणि मीसुद्धा त्या केल्या आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा लेख ओळखण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही. इथलं वाचून रानातलं काहीही तोंडात घालू नका. जर्मनीतले युलियस शेफर हे भूछत्रांचे नावाजलेले अभ्यासक होते. १९४४ साली पॅक्सिलस इनव्होल्युटस हे भूछत्र खाल्ल्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. त्या काळी ते नीट शिजवलं तर खाण्याजोगं मानलं जायचं. एवढ्या जाणकाराचं असं झालं, हे वाचल्यापासून मी "ओळखलं" आणि "खाल्लं तर चालेल" ही दोन वाक्यं कधीच एका दमात उच्चारत नाही.

निघताना

फार सामान लागत नाही. पसरट टोपली किंवा कडक डबा, कागदी पिशव्या, धारदार चाकू, पट्टी, वही, पेन्सिल आणि खालची बाजू बघायला छोटा आरसा. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. प्लास्टिकची पिशवी मात्र नको. तिच्यात भूछत्राला घाम फुटतो आणि तासाभरात त्याचा चिखल होतो. तुम्ही जाणार त्या जंगलात काही गोळा करायला परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या. नसेल तर फोटो आणि नोंदी एवढ्यावरच थांबा.

हात लावण्याआधी

भूछत्र जागेवर असतानाच फोटो काढा. एक वरून, एक बाजूने, एक आरसा धरून टोपीच्या खालून आणि एक थोडं मागे सरकून, आजूबाजूच्या झाडांसकट. पट्टी शेजारी ठेवा. आकाराचा अंदाज फोटोत नेहमीच चुकतो.

मग जागा वाचा. आपल्याला दिसतं ते भूछत्र म्हणजे फक्त फळ असतं. बुरशीचा खरा पसारा, तिच्या बारीक तंतूंचं जाळं, जमिनीत किंवा लाकडात असतं. काही जाती कुजक्या लाकडावर जगतात, काही पाचोळ्यावर, तर काहींचं झाडाच्या मुळांशी देणंघेणं चालतं. बुरशी झाडाला पाणी आणि क्षार मिळवून देते आणि बदल्यात साखर घेते. अशा जाती आपलं झाड सोडून सहसा दिसत नाहीत. सुइलस ग्रेव्हिलेई हे भूछत्र लार्च या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाखाली सापडतं. अमॅनिटा फॅलॉइडीस, म्हणजे जीवघेणं डेथ कॅप, ओक, बीच, चेस्टनट अशा झाडांच्या सोबतीने राहतं. ते मूळचं युरोपचं, पण झाडांच्या मुळांबरोबर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही पोचलं. म्हणून जवळच्या झाडाचं नाव वहीत लिहा. झाड ओळखता येत नसेल तर त्याचं एक पान वहीत दाबून ठेवा.

एक फसवी गोष्ट असते. भूछत्र मातीतून आल्यासारखं दिसतं, पण खाली गाडलेलं कुजकं लाकूड असतं. ते खणल्याशिवाय कळत नाही.

उपटू नका, खणून काढा

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल, तर ते हे राहू दे.

दांडा वरच्या वर कापला किंवा चिमटीत धरून ओढला, तर बूड मातीतच राहतं. आणि सगळ्यात घातक भूछत्रांची सगळ्यात महत्त्वाची खूण नेमकी त्या बुडाशी असते. चाकूचं पातं दांड्यापासून दोन बोटं लांब खुपसा, खालून सैल करा आणि मातीच्या ढेकळासकट वर उचला. मग बोटाने, नाहीतर मऊ ब्रशने, माती हळूहळू झाडा.

अमॅनिटा वंशातली कित्येक भूछत्रं लहानपणी एका पांढऱ्या आवरणात पूर्ण गुंडाळलेली असतात. दिसायला अगदी अंडं. भूछत्र वाढतं तसं ते आवरण फाटतं आणि त्याचा खालचा भाग दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखा उरतो. डेथ कॅपची ही पिशवी पांढरी, पातळ आणि सैल असते, फाटक्या मोज्यासारखी. ती बऱ्याचदा पूर्ण मातीत दडलेली असते. वरून फक्त हिरवट-पिवळसर टोपी, पांढरा दांडा आणि त्यावर झालरीसारखं कडं दिसतं. त्याच वंशातल्या डिस्ट्रॉइंग एंजलची टोपीही पांढरीशुभ्र असते. खणलं नाही, तर ती खाण्याच्या पांढऱ्या भूछत्रासारखी वाटू शकते.

भूछत्रांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक एकट्या डेथ कॅपमुळे होतात. एक मध्यम आकाराचं भूछत्र प्रौढ माणसाचा जीव घ्यायला पुरेसं असतं. शिजवून, वाळवून किंवा गोठवून त्यातलं विष जात नाही. म्हणून माझा नियम साधा आहे: बूड पाहिलं नाही, तर ओळख झालीच नाही.

हात लावायला मात्र घाबरू नका. हे विष पोटात गेल्यावर बाधतं, नुसत्या स्पर्शाने नाही. काम झालं की हात धुवा.

टोपी उलटी करा

वरचा रंग हे सगळ्यात कच्चं लक्षण आहे. पाऊस रंग धुऊन नेतो, ऊन फिका करतं, वयाबरोबर तो बदलतो. एकाच जातीची ओली टोपी गडद तपकिरी आणि वाळलेली फिकट पिवळी असू शकते. त्यामानाने खालची बाजू जास्त खरं सांगते.

तिथे बारीक भोकं दिसली, जणू स्पंज, तर ते बोलीटच्या घराण्यातलं असू शकतं. लाकडावर वाढणाऱ्या टणक, कंसासारख्या बुरशांनाही भोकं असतात. खाली लोंबणारे बारीक दात असतील तर वेगळा गट. आणि वहीच्या पानांसारखी उभी पातळ पाती असतील, ज्यांना गिल्स म्हणतात, तर तुम्ही सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात गोंधळाच्या गटात आहात.

पात्यांकडे बघताना तीन गोष्टी टिपा. ती दांड्याला टेकतात का, की दांड्याभोवती मोकळी जागा सोडून थांबतात, की दांड्यावरून खाली उतरत जातात? दाट आहेत की विरळ? आणि रंग? रंग कोवळ्या आणि जून अशा दोन्ही भूछत्रांचा बघा. अगॅरिकस वंशातली पाती आधी गुलाबी असतात आणि मग चॉकलेटी होतात. डेथ कॅपची शेवटपर्यंत पांढरीच राहतात.

पात्यांसारखं दिसणारं सगळंच पाती नसतं. शँटरेल या खाल्ल्या जाणाऱ्या नारिंगी भूछत्राच्या खाली असतात त्या जाडसर, बोथट, फाटे फुटलेल्या घड्या. त्या टोपीच्याच मांसाच्या असतात, त्यामुळे नखाने सुट्या निघत नाहीत. त्याच्यासारखंच नारिंगी दिसणारं जॅक-ओ-लँटर्न विषारी आहे आणि त्याला खरी, धारदार, दाट पाती असतात. दोन्ही चिरून बघा. शँटरेल आतून पांढरट निघतं, जॅक-ओ-लँटर्न आतूनही नारिंगी.

उभं चिरा, मोडा, वास घ्या

टोपीच्या मध्यातून बुडापर्यंत सरळ चीर द्या आणि दोन्ही अर्धे शेजारी ठेवून पाच मिनिटं बघत राहा. दांडा आतून पोकळ आहे की भरीव? कापल्या जागी रंग बदलतो का? काही बोलीट कापल्याबरोबर निळे होतात. त्यातली रसायनं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळली की हा रंग येतो. निळं म्हणजे विषारी असं मात्र नाही. झपाट्याने गर्द निळं होणारं जायरोपोरस सायनेसेन्स खातात, तर निळं होणारंच सैतानी बोलीट विषारी आहे. रंग बदलणं ही ओळखीची खूण आहे, विषाची परीक्षा नव्हे. अगॅरिकस झँथोडर्मसच्या बुडाला चीर दिली की तिथे भडक पिवळा रंग उमटतो आणि शाईसारखा, दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास येतो.

दांडा मोडून बघा. रुसुला वंशाचा दांडा खडूसारखा कटकन तुटतो, कारण त्यात गोलसर पेशींचे पुंजके असतात. इतर बहुतेक भूछत्रांचा दांडा धागे सुटत फाटतो. तुटल्या जागी दुधासारखा थेंब आला, तर लॅक्टेरियसचं घराणं धरा, आणि दुधाचा रंगही लिहा. लॅक्टेरियस डेलिसिओससचं दूध चक्क गाजराच्या रंगाचं असतं.

काही अनुभवी लोक रुसुलाचा कण जिभेवर ठेवून थुंकतात आणि चवीवरून जात ठरवतात. नवख्यांनी हे करू नये. चवीशिवाय पाहण्यासारखं इतकं काही असतं की तिची गरज भासत नाही.

एखादा पांढरा गोळा सापडला, तर तोही उभा चिरा. खरा पफबॉल कोवळा असताना आतून सगळीकडे सारखाच पांढरा असतो. आत छोट्या भूछत्राची आकृती, टोपी-दांड्याची रेघ दिसली, तर ते अमॅनिटाचं अंडं असू शकतं.

बीजाणूंचा ठसा

मला हा टप्पा सगळ्यात आवडतो, आणि नवखे नेमका हाच टाळतात, कारण त्याला रात्रभर थांबावं लागतं.

भूछत्राचे बीजाणू, म्हणजे त्याच्या सूक्ष्म बियाच, सहसा ५ ते १५ मायक्रॉनचे असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत, पण लाखोंनी साठले की त्यांचा रंग उमटतो. हा रंग पावसाने, उन्हाने, वयाने फारसा बदलत नाही. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ साली सुरू केलेल्या आपल्या ग्रंथमालेत पात्यांच्या भूछत्रांची विभागणी या रंगावरून केली. आज जातींची मांडणी जनुकांवरून होते, तरी ओळखीची पुस्तकं पहिला प्रश्न बहुधा याच रंगाचा विचारतात.

पूर्ण उघडलेली टोपी घ्या, फार कोवळी नको आणि सडलेलीही नको. दांडा पात्यांच्या पातळीला कापा. काचेचा तुकडा किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या आणि त्यावर टोपी पाती खाली करून ठेवा. टोपी कोरडी वाटली तर वर पाण्याचा एक थेंब सोडा. वारा लागू नये म्हणून वाटी उपडी घाला. रात्री ठेवलंत तर सकाळपर्यंत ठसा तयार होतो, कधी चार तासांतही होतो. काच आधी पांढऱ्या आणि मग काळ्या कागदावर धरून बघा. नुसत्या पांढऱ्या कागदावर ठसा घेतला, तर पांढरे बीजाणू दिसतच नाहीत आणि "काही पडलंच नाही" म्हणून आपण तो फेकून देतो. मी सुरुवातीला असे तीन ठसे फेकले होते.

सकाळी वाटी उचलून टोपी अलगद बाजूला केली की खाली पात्यांची बारीक रेषांची नक्षी उमटलेली असते, सायकलच्या चाकाच्या तारांसारखी. त्या भुकटीचा रंग दिवसाच्या उजेडात बघा. पांढरा किंवा मळकट पांढरा असेल, तर अमॅनिटा आणि इतर कित्येक. गुलाबी असेल तर एंटोलोमा, प्लुटियस, व्होल्व्हेरिएला. गंजासारखा तपकिरी असेल तर कॉर्टिनेरियस, गॅलेरिना. चॉकलेटी तपकिरी असेल तर अगॅरिकस. हिरवट ठसा विरळा असतो. तो गवतात उगवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसची खूण आहे, जे पोट जबर बिघडवतं.

या ठशाची किंमत किती असू शकते ते एका उदाहरणाने सांगतो. आग्नेय आशियातून अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्या काही लोकांनी डेथ कॅपला आपल्या ओळखीची पेंढ्यावरची अळंबी समजून खाल्लं आणि त्यात जीव गेले. ती अळंबी, व्होल्व्हेरिएला व्होल्व्हेसिया, हीसुद्धा लहानपणी अंड्यासारखी असते आणि तिच्याही बुडाशी पिशवी असते. फरक आहे, पण तो बघावा लागतो. तिच्या दांड्यावर कडं नसतं, आणि ठसा गुलाबी उमटतो, पांढरा नाही. त्या लोकांची नजर कच्ची नव्हती. जुन्या ठिकाणी वर्षानुवर्षं बरोबर ठरलेली ओळख नव्या ठिकाणी चुकली.

एका ओंडक्यावरचं उदाहरण

एकदा शेवाळलेल्या, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर तपकिरी भूछत्रांचा घोस दिसला. टोप्या चार-पाच सेंटिमीटरच्या, मध्ये फिकट आणि कडेला गडद, दांड्यावर बारीक कडं. मी तिथेच मनात नाव ठरवून टाकलं: क्युनेरोमायसीस म्युटॅबिलिस. ते लाकडावर घोसात वाढतं आणि त्याची टोपी अशीच दुरंगी असते.

नंतर भिंग लावलं. म्युटॅबिलिसच्या दांड्यावर कड्याच्या खाली छोटे उभारलेले खवले असतात. घोसातल्या अर्ध्या दांड्यांवर ते होते. उरलेल्या दांड्यांवर खवले नव्हते, नुसते रुपेरी उभे तंतू होते. ते गॅलेरिना मार्जिनाटाचं लक्षण आहे, आणि गॅलेरिनात डेथ कॅपमधलंच विष असतं. एकाच ओंडक्यावर दोन्ही, एकमेकांना खेटून. ठशानेही सुटका नव्हती, कारण दोन्हींचे बीजाणू तपकिरीच. तेव्हापासून घोसातलं एकच भूछत्र तपासून बाकीच्यांना तेच नाव देणं मी सोडून दिलं. प्रत्येक दांडा वेगळा बघायचा.

अशा घोसात एक आयती सोयही असते. वरच्या टोपीचे बीजाणू खालच्या टोपीवर पडतात. खालच्या टोप्यांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला, तर पांढऱ्या बीजाणूंच्या आर्मिलेरिया वंशाचा विचार करा. थर गंजकट असेल तर सावध व्हा.

आता नावाकडे

घरी बसून तुमच्या भागातल्या भूछत्रांचं मार्गदर्शक पुस्तक उघडा. चित्रं चाळत बसू नका, ओळखीची किल्ली वापरा: खाली पाती की भोकं, ठसा कोणत्या रंगाचा, कडं आहे की नाही, पिशवी आहे की नाही. आधी वंश ठरवा, मग जात. नाव सापडल्यासारखं वाटलं की त्या जातीसारख्या दिसणाऱ्या बाकीच्या जाती शोधा आणि हे त्यातलं एखादं का नाही, ते एकेक करून वहीत लिहा. लिहिता आलं नाही, तर वंशावरच थांबा. "कॉर्टिनेरियस, जात अनिश्चित" ही प्रामाणिक आणि उपयोगी नोंद आहे. या वंशात दोन हजारांहून जास्त जाती आहेत, त्यातल्या काही मूत्रपिंडं निकामी करतात आणि त्याची लक्षणं कधी दोन-तीन आठवड्यांनीही दिसतात.

फोनमधली ओळखणारी ॲप्स शोधाची दिशा द्यायला बरी. त्यांना फोटो दिसतो, पण मातीतली पिशवी, वास आणि ठसा कळत नाही. त्यांचं उत्तर एक शक्यता म्हणून घ्या. खरी मदत होते ती जाणकार माणसाला ताजा नमुना दाखवून. चांगला जाणकार आधी बूड मागतो.

चांदीचा चमचा काळा पडतो, किडे खातात ते माणसालाही चालतं, साल सोलली की विष जातं, हे सगळे समज खोटे आहेत. गोगलगायी डेथ कॅप खुशाल खातात.

आणि कोणी चुकून खाल्लंच, तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. उरलेलं भूछत्र, निवडताना काढलेले तुकडे, उलटीचा नमुना, जे मिळेल ते कागदात गुंडाळून सोबत न्या. डेथ कॅपची लक्षणं सहसा सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. उलट्या-जुलाबांनंतर दुसऱ्या दिवशी माणसाला बरं वाटतं आणि घरचे निर्धास्त होतात. नेमकं तेव्हाच आत यकृत खराब होत असतं.

नमुना जपून ठेवा

फोटो, नोंद आणि ठसा झाल्यावर भूछत्राचे पातळ काप करून मंद उष्णतेवर कडकडीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर तारीख, जागा, झाड आणि ठशाचा रंग लिहा. नावाची जागा रिकामी सोडलीत तरी चालेल. माझ्याकडचं एक पाकीट सहा वर्षं तसंच होतं. नंतर एका अभ्यासकाने सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले बीजाणू पाहिले आणि पेन्सिलीने त्यावर नाव लिहिलं. त्यांना ते लिहिता आलं, कारण पाकिटात दांड्याचं बूड होतं.